केसाळ खेकडा

इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्या मुलांना खेकड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. नदीकाठच्या दगडाखाली, ओढ्याच्या कडेला केलेल्या बिळात आणि पावसाळ्यात शेताच्या बांधावर तो भेटतोच. कोणी त्याला किरवा म्हणतात, कोणी मुठा. त्याची पाठ गुळगुळीत व टणक, चाल तिरकी, आणि स्वभाव असा, की समोर बोट दिसले की नांगी उगारावयाची. आळंदीच्या एखाद्या मुलाला जर सांगितले, की एका खेकड्याच्या अंगावर अस्वलासारखे दाट केस असतात, तर तो प्रथम हसेल. केस हे सस्तन प्राण्यांचे लक्षण होय, असे तर त्याच्या पुस्तकातच लिहिलेले असते! तथापि असा खेकडा आहे, आणि त्याच्या भेटीसाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. सह्याद्री उतरून कोकणात गेले आणि ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर धीराने शोध घेतला, की तो सापडतो. ‘धीराने’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे; त्याचे कारण लवकरच तुमच्या ध्यानात येईल.

हा खेकडा आकाराने लहान असतो. त्याच्या पाठीची रुंदी अवघी दोन-तीन सेंटिमीटर भरते. म्हणजे तो तुमच्या तळहातावर आरामात मावेल. सर्व खेकड्यांप्रमाणे त्याला दहा पाय असतात. त्यांपैकी पुढचे दोन म्हणजे नांग्या. या दोन्ही नांग्या सारख्या नसतात. एक मोठी व बळकट असते आणि दुसरी लहान असते. नांग्यांची टोके काळसर असतात. पाठ, पाय आणि नांग्यांचा बराचसा भाग लांब, मऊ, गडद तपकिरी केसांनी झाकलेला असतो. हे केस इतके दाट असतात, की खालचे कवच दिसतच नाही. पाण्यात असताना ते पसरून हलत राहतात. पाण्याबाहेर काढताच ते अंगाला चिकटतात, आणि मग तो प्राणी चिखलात बुडवून काढलेल्या शेवाळाच्या गोळ्यासारखा दिसू लागतो.

एकदा आमच्या शाळेची सहल मालवणास गेली होती. सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाल्यावर दुपारी ओहोटी लागली. कोकणातील लोक ओहोटीला ‘सुकती’ म्हणतात. तो शब्द मुलांना फार आवडला. सुकतीने खडक उघडे पडले होते. खळग्यांत साचलेल्या पाण्यात लहान मासे, शंख, समुद्रफुले असे नाना प्रकार दिसत होते. चौथ्या रांगेत बसणारा आणि वर्गात क्वचितच बोलणारा एक मुलगा एका खळग्यापाशी बसून राहिला होता. सगळे पुढे गेले, तरी तो उठेना. मी हाक मारली तेव्हा तो म्हणाला, “सर, हा चिखल मघाशी इथे नव्हता.” आम्ही वाकून पाहिले. दगडाच्या कडेला चिखलमाखल्या शेवाळाचा एक पुंजका होता. तो जागचा हलत नव्हता. पाच मिनिटे गेली, दहा गेली. बाकीची मुले कंटाळून निघून गेली. मग त्या पुंजक्याखालून एक काळसर नांगी हळूच बाहेर आली, तिने दगडावरचे काहीतरी खुडले आणि ती पुन्हा आत गेली.

हेच त्या खेकड्याचे शस्त्र आहे. आपला नदीचा खेकडा संकट दिसताच पळतो किंवा लढावयास उभा राहतो. केसाळ खेकडा यांपैकी काहीच करीत नाही. तो मंद चालतो, आणि चाहूल लागली की जिथल्या तिथे निश्चल होतो. त्याच्या केसांत पाण्यातील गाळ अडकून बसतो, त्यामुळे शरीराची कडा कोठे संपते आणि दगड कोठे सुरू होतो हे कळत नाही. खेकडा ओळखताना आपली दृष्टी त्याच्या आकाराचा आधार घेते: वाटोळे कवच, दोन बाजूंचे पाय, पुढच्या नांग्या. हा आकारच मोडून टाकला, तर समोर असलेला प्राणीही डोळ्यांना दिसत नाही. मासे आणि समुद्रपक्षी यांनाही तो असाच फसवीत असला पाहिजे. एरवी इतक्या संथ प्राण्याचा त्या धामधुमीच्या जागी निभाव कसा लागता?

आता केसांविषयी. ज्यांना आपण येथे केस म्हणत आहोत, ते गाईच्या किंवा माणसाच्या केसांसारखे नव्हेत. आपला केस त्वचेतील मुळापासून वाढतो आणि कापला तरी पुन्हा वाढतो. खेकड्याचे कवच कायटिन नावाच्या चिवट द्रव्याचे बनलेले असते व त्यात चुना मिसळून ते कठीण होते. त्याचे केस हे त्या कवचाचेच बारीक तंतू होत. ते कापले, तर पुढचे कवच येईपर्यंत तेवढी जागा उघडी राहते. मात्र या केसांचा उपयोग केवळ वेष पालटण्यापुरता आहे असे समजू नका. खेकड्यांच्या अंगावरील कित्येक तंतूंच्या मुळाशी मज्जातंतू पोचलेले असतात. कवच कठीण असल्यामुळे आपल्या कातडीप्रमाणे त्याला स्पर्श कळणे शक्य नसते. ते काम हे तंतू करतात. पाण्याची लहानशी हालचाल त्यांना जाणवते. काही तंतू तर पाण्यातील पदार्थांची चवही घेतात. चिलखत घातलेल्या शिपायाला बाहेरचा वारा कळावा म्हणून चिलखतालाच लव फुटावी, तसा हा प्रकार आहे.

कवच कठीण असल्याचा आणखी एक परिणाम होतो. ते शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून साप जशी कात टाकतो, तसे खेकड्याला आयुष्यात अनेकदा कवच टाकावे लागते. जुन्या कवचाखाली नवे, मऊ कवच आधीच तयार झालेले असते, आणि नवे केसही त्यातच घडलेले असतात. वेळ आली म्हणजे खेकडा पाणी शोषून फुगतो. कवच मागच्या बाजूने उकलते आणि तो त्या फटीतून मागे सरकत बाहेर येतो. पाय, नांग्या, डोळ्यांचे देठ, सगळे त्या जुन्या साच्यातून ओढून काढावे लागते. बाहेर आलेला खेकडा लोण्यासारखा मऊ असतो; कोणीही त्याला सहज खाऊन टाकील. म्हणून कवच कठीण होईपर्यंत तो कपारीत दडून राहतो. त्या वेळी त्याचे केस स्वच्छ असतात. गाळ जमून जुने रूप पुन्हा येण्यास अवकाश लागतो.

वेष पालटण्याची ही कला समुद्रातील इतर खेकड्यांनीही साधली आहे, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. काही कोळी-खेकड्यांच्या पाठीवर आकड्यासारखे वाकडे तंतू असतात. ते समुद्रशेवाळाचे तुकडे तोडून त्या आकड्यांत अडकवितात आणि अंगावर बाग घेऊन हिंडतात. दुसरा एक मखमली अंगाचा खेकडा आपल्या शेवटच्या पायांनी जिवंत स्पंजाचा तुकडा पाठीवर टोपीसारखा धरून ठेवतो. २००५ मध्ये प्रशांत महासागरात ईस्टर बेटाच्या दक्षिणेस सुमारे २,२०० मीटर खोलीवर, उष्ण झऱ्यांच्या परिसरात, पांढऱ्या लोकरीसारख्या पायांचा एक प्राणी सापडला. त्याचे नाव ‘किवा हिर्सुटा’. तो अस्सल खेकड्यांच्या कुळातील नाही, त्यांचा दूरचा आप्त आहे. त्याच्या लोकरीत सूक्ष्म जंतूंच्या वसाहती असतात. वृत्तपत्रांतून या प्राण्याची छायाचित्रे जगभर झळकली. आपल्या किनाऱ्यावरील केसाळ खेकड्याचे असे कौतुक कधी झाले नाही.

असे का व्हावे? चिंबोरी आणि कुर्ली यांची नावे कोकणात लहान मुलालाही पाठ असतात, कारण त्या बाजारात येतात आणि ताटात पडतात. ज्याला भाव मिळतो, त्याची वाढ किती होते, अंडी केव्हा होतात, तो कोणत्या महिन्यात अधिक सापडतो, याचा अभ्यास करणारे पुष्कळ असतात. केसाळ खेकडा कोणी विकत नाही व कोणी विकत घेत नाही. त्याच्यात मांस ते किती! शिवाय अनोळखी खेकडा खाऊ नये हेच शहाणपणाचे, कारण उष्ण समुद्रांतील काळ्या बोटांच्या काही खेकड्यांच्या मांसात शिजवूनही न जाणारे जहर असते. तेव्हा जाळ्यात आलाच, तर त्याला झटकून टाकतात. मला मात्र वाटते, की बाजारभावाने प्राण्याचे महत्त्व ठरविण्याची रीत निदान शाळेत तरी चालू नये.

अभ्यासकांनी त्याची दखल अजिबात घेतली नाही असे नव्हे. १७९३ मध्ये डेन्मार्कचे निसर्गशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. फॅब्रिशियस हे लिनीअस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचे शिष्य. ‘वेस्पर्टिलिओ’ या लॅटिन शब्दाचा अर्थ वटवाघूळ. त्या खेकड्याची काळपट लव पाहून त्यांना वटवाघूळ आठवले असावे. ‘पिलुम्नस’ हे कुळाचे नाव मागाहून आले. नवजात बालकांचे रक्षण करणाऱ्या एका रोमन देवतेचे ते नाव आहे. पुढे ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर वैद्य आणि निसर्गशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले आल्कॉक यांनी १८९५ ते १९०० या काळात भारताच्या खेकड्यांवर मोठी लेखमाला प्रसिद्ध केली. आपल्या किनाऱ्यापुरते बोलावयाचे, तर बोमन फ्रामजी छापगर यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाशी त्यांचा संबंध होता. तेथे त्यांनी अंडी बाळगणाऱ्या खेकड्यांच्या माद्यांचा अभ्यास केला व अंड्यांतून निघणाऱ्या पिलांची रूपे नोंदविली. आणि १९५७ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील समुद्री खेकड्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. खडकांतून, चिखलातून हिंडून एकेक खेकडा पारखण्याचे हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना करा.

केसाळ खेकड्यांच्या बाबतीत तर पारख विशेष अवघड असते. पिलुम्नस कुळात अनेक जाती आहेत, आणि केसांच्या आवरणाखाली त्या एकसारख्या दिसतात. एक जात दुसरीहून निराळी आहे हे कवचाच्या कडेवरील काट्यांवरून आणि पृष्ठावरील लहानमोठ्या दाण्यांवरून ठरते. आणि ते सर्व तर केसांत लपलेले! मग अभ्यासक काय करतात? बारीक कुंचल्याने गाळ झाडतात, आणि नमुन्याच्या अर्ध्या पाठीवरील केस काळजीपूर्वक काढून टाकतात. एक बाजू केसांसह आणि दुसरी बाजू उघडी, अशी चित्रे त्यांच्या ग्रंथांतून पाहावयास मिळतात. माशांना चकविणारा वेष पंडितांनाही चकवितो.

या खेकड्याचा संसार केवढा विस्तीर्ण आहे, ते समजण्यासाठी पुन्हा एकदा आपल्या इंद्रायणीकडे वळू. या भागात आढळणाऱ्या गोड्या पाण्यातील मोठ्या खेकड्याचे वर्णन प्रथम १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या परिसरात राहून दख्खनच्या पशुपक्ष्यांची नोंद करणारे कर्नल साइक्स यांनी गोळा केलेल्या नमुन्यांवरून ते लिहिले गेले होते. या खेकड्याची मादी अंडी पोटाखालच्या घडीत धरून ठेवते, आणि त्यांतून बाहेर पडतात ते थेट इवलेसे खेकडे. आई त्यांना काही दिवस पोटाशी घेऊनच हिंडते. ती पिले जेथे उतरतील तेथेच आसपास त्यांचा जन्म जातो. इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते, भीमा कृष्णेस आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. परंतु किरव्याला समुद्राची गरजच नाही. म्हणून सह्याद्रीच्या एका खोऱ्यातील खेकडे दुसऱ्या खोऱ्यात सहजी जात नाहीत, आणि डोंगराडोंगराला त्यांच्या निराळ्या जाती झाल्या आहेत.

केसाळ खेकड्याची मादीही अंडी पोटाखालीच धरते. पण त्या अंड्यांतून खेकडा निघत नाही. निघतो तो टाचणीच्या डोक्याहून लहान, पारदर्शक, मोठ्या डोळ्यांचा व काटेरी डोक्याचा एक विचित्र जीव. शास्त्रज्ञ त्याला ‘झोईया’ म्हणतात. तो पाण्यावर तरंगत प्रवाहाबरोबर वाहत जातो, अनेकदा कवच टाकतो, मग ‘मेगॅलोपा’ नावाचे दुसरे रूप घेतो, आणि शेवटी तळाशी उतरून खेकडा बनतो. या प्रवासात असंख्य पिले माशांच्या पोटात जातात. जी वाचतात, त्यांना प्रवाह कोठे नेईल याचा नेम नसतो. त्यामुळेच ही एक जात आफ्रिकेचा पूर्व किनारा व तांबडा समुद्र येथपासून भारत, जपान, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटे येथपर्यंत पसरलेली आहे. मालवणच्या खळग्यातील तो चिखलाचा गोळा एवढ्या मोठ्या मुलखाचा रहिवासी होता! नदी आणि समुद्र या दोहोंशी नाते ठेवणारा खेकडाही जगात आहे. चीनमधील, नांग्यांवर केसांचे हातमोजे घातल्यासारखा दिसणारा खेकडा नदीत वाढतो आणि अंडी घालण्यासाठी समुद्राकडे उतरतो. जहाजांतून तो युरोपात पोचला. १९१२ मध्ये जर्मनीत तो प्रथम आढळला, आणि पुढे तेथील नद्यांत त्याचा मोठा उपद्रव झाला.

अशा प्राण्यांची नोंद ठेवणारी एक संस्था आळंदीपासून फार लांब नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ मध्ये कोलकात्यास स्थापन झाली. तिचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५९ मध्ये पुण्यास निघाले. ते आज आकुर्डीस आहे. सभोवती कारखाने आणि मोटारींची वर्दळ, आणि आत काचेच्या बाटल्यांतून मद्यार्कात ठेवलेले पश्चिम भारतातील प्राणी! तेथील एका शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये सह्याद्रीतील गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या पाच नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. शेकडो वर्षे माणसांच्या पायवाटेवर असलेले ते प्राणी. त्यांना नाव मात्र तेव्हा मिळाले.

नाव मिळण्याआधीच प्राण्याची जागा गेली, तर मात्र बाटलीतही काही उरत नाही. केसाळ खेकड्याला भरती-ओहोटीच्या मधला खडक हवा, खडकाखाली ओल हवी, शेवाळ हवे. मुंबईसारख्या शहरात भराव, सांडपाणी आणि कचरा यांमुळे अशी जागा आकसत चालली आहे. किनारा रस्त्याचे काम चालू असताना २०२० मध्ये हाजीअली व वरळी येथील प्रवाळांच्या वसाहती तेथून उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळांचे नाव आहे, म्हणून त्यांच्यासाठी परवानगी घ्यावी लागली, तज्ज्ञ बोलवावे लागले. त्याच खडकांच्या फटींत राहणाऱ्या लहान खेकड्यांचे नाव त्या यादीत नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. आणि घरची गोष्ट बोलावयाची तर, गेल्या काही वर्षांत आळंदीत इंद्रायणीच्या पात्रावर सांडपाण्याने आलेला पांढरा फेस यात्रेकरूंनी कित्येकदा पाहिला आहे. किरवा कल्ल्यांनी श्वास घेतो. त्या फेसाखाली तो कसा राहत असेल, याचा विचार काठावर उभे राहिल्यावर मनात आल्याशिवाय राहत नाही.

तुमच्यापैकी कोणी कोकणात गेले आणि त्याला हा खेकडा पाहावयाचा असेल, तर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची ओहोटी साधावी. त्या दिवसांत पाणी सर्वांत दूरवर हटते. बरोबर मोठे माणूस असावे, आणि भरती लागण्याची वेळ गावकऱ्यांना आधी विचारून घ्यावी. दगड हळूच उचलावा, पाहून झाले की जसा होता तसाच, तीच बाजू खाली करून, परत ठेवावा. उलटा ठेवलेल्या दगडाखालचे कोवळे जीव उन्हाने मरतात. खेकडा हातात घेऊ नये. वहीत गावाचे नाव, तारीख, ओहोटीची वेळ आणि दगडाखाली काय काय होते, एवढे लिहावे. आकुर्डीच्या बाटल्यांतील चिठ्ठ्यांवरही साधारण एवढाच मजकूर असतो, आणि खाली तो नमुना गोळा करणाऱ्याचे नाव.